अजून आहे

नोव्हेंबर लागला की मला थंडीच्या आधी हयातीच्या दाखल्याची हुडहुडी भरते. हे टपाल खात्यात होते. यांच्या माघारी पेन्शन माझ्या नावावर येतं, आणि ते चालू राहायचं तर मी अजून आहे हे वर्षातून एकदा सिद्ध करावं लागतं. घरात कुणाला शंका नाही. सुनेची तर रोज सकाळी सातलाच खात्री पटते.

पूर्वी बरं होतं. बँकेतले साहेब चष्म्यावरून बघायचे, "बऱ्या आहात ना?" म्हणायचे, की झालं. 2014च्या नोव्हेंबरात ते 'जीवन प्रमाण', म्हणजे आधारवरून ऑनलाइन दाखला, निघालं आणि चष्म्याच्या जागी अंगठ्याचं यंत्र आलं. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. जास्त म्हातारं झालं की जिवंत असायला महिनाभर जादा मिळतो! मला ऐंशीला अजून सहा वर्षं आहेत.

रांगेत सगळे येतात जिवंत असल्याचं सांगायला आणि बोलतात फक्त दुखण्यांचं. माझ्या मागचे गृहस्थ दोन स्टेंटवर ऐटीत उभे होते. पुढच्या बाईंनी बायपास काढल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. माझ्याकडे नुसते गुडघे. मी कशाला तोंड उघडते!

नंबर आला. अंगठा लावला. यंत्र म्हणालं, जुळत नाही.

"आजी, जरा दाबून," यंत्रामागचा मुलगा म्हणाला.

दाबला.

"एवढंही नाही."

दहाच्या दहा बोटं झाली. जुळणार कुठून? उभा जन्म राखेनं पातेली घासली, नारळ खवले. बोटांच्या रेषा मोरीतून कधीच वाहून गेल्या. मागून सल्ले सुरू झाले. खोबरेल लावा. बोट केसांतून फिरवा. एकांचं म्हणे गेल्या वर्षी करंगळीवर भागलं होतं. मी तेल लावलं, केसांतून बोट फिरवलं, पदराला पुसलं. यंत्र काही मला जिवंत मानेना.

शेवटी तो मुलगा मोबाइल घेऊन बाहेर आला. चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय 2021पासूनच आहे म्हणे. मग माझ्या बोटांचे एवढे हाल कशाला केलेस रे बाबा? तो मान खाली घालून माहिती भरत राहिला आणि एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी, पुन्हा लग्न केलंय का?"

रांग चिडीचूप. बायपासवाल्या बाईसुद्धा वळल्या.

"अजून तरी नाही," मी म्हटलं.

"बरं. आता इकडे बघून डोळे मिचकावा."

आधी लग्नाचं विचारायचं आणि लगेच डोळे मिचकवायला लावायचं! यांच्याकडे बघूनसुद्धा मी कधी मिचकावले नव्हते. पण पेन्शनचा प्रश्न होता. मिचकावले. आधार कार्डावरच्या त्या भयंकर फोटोशी माझा चेहरा पहिल्याच फटक्यात जुळला. पेन्शन वाचलं, पण जीव जरा दुखावलाच.

मागोमाग स्टेंटवाले. त्यांचाही अंगठा रुसला, त्यांच्याही तोंडापुढे मोबाइल आला. "आजोबा, डोळे मिटा आणि उघडा." त्यांना ऐकू कमी येत असावं. अर्धाच आदेश पोचला. डोळे गच्च मिटून, हात जोडून ते शांत उभे राहिले.

"उघडा, आजोबा! अहो, उघडा लवकर!" मुलगा घामाघूम झाला. "इथं नको!"