थालीपीठ, झाइडला आणि आडवी बाटली

मे महिन्यात ऊन पडायला लागलं की आमचा रविवारचा डबा ठरलेला असतो. थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि मुलीसाठी गूळपोळी. तो घेऊन आम्ही जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या एर्लांगेनहून सायकलवर किंवा बसने जवळच्या एखाद्या गावच्या ‘केलर’वर जातो. केलर म्हणजे तळघर. पण इथली माणसं केलरमध्ये जात नाहीत, केलरवर जातात. टेकडीच्या पोटात बिअर थंड राहावी म्हणून खोदलेली भुयारं असतात, त्यांच्या माथ्यावर सावलीची झाडं आणि झाडांखाली लाकडी बाकं. जुन्या बव्हेरियात १५३९ च्या फर्मानाने २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची मुभा होती. ती उन्हाळाभर टिकवायला थंड जागा लागायची. बिअरसाठी केलेल्या त्या सावलीत पुढे माणसं येऊन बसायला लागली. बिअर त्यांची घ्यायची, खाणं घरून आणलं तरी कोणी हटकत नाही. १९९९ साली बव्हेरिया सरकारने बिअर गार्डनसाठी नियम केला, तेव्हा बिअर गार्डन कशाला म्हणायचं हे सांगताना झाडांची बाग आणि घरचा डबा या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या.

थालीपीठ आणि केलरबिअर ही जोडी मला फार आवडते. केलरबिअर गाळलेली नसते, किंचित गढूळ असते, आणि तिच्यात फसफस कमी असते. भाजणीतल्या धण्याजिऱ्याचा खमंगपणा आणि जवाची गोडी एकमेकांना धरून राहतात. शेजारच्या बाकावर आजोबा नातवाला सफरचंदाचा रस देतात आणि स्वतः एक ‘झाइडला’, म्हणजे अर्ध्या लिटरचा मग, तास-दीड तास पुरवतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. आमच्याकडे बाईने दारूचा विषय काढायचा तो ती बंद करा म्हणायला. ते चुकीचं नव्हतं, पुढे सांगतेच. पण अकरा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा बिअरला चव असते, आणि ती चव शब्दांत सांगता येते, हेच मला माहीत नव्हतं. गावाकडे मी बिअरबद्दल ऐकलेले शब्द दोनच होते, माइल्ड आणि स्ट्राँग. दोन्ही किती चढते एवढंच सांगतात.

इथल्या एका शेजारणीने मला चाखायला शिकवलं. हिवाळ्यात महिन्यातून एकदा आम्ही पाच-सहाजणी जमतो. सहा बाटल्या, प्रत्येकीला प्रत्येक बाटलीतली शंभरेक मिलीलिटर, मध्ये साधा पाव आणि पाणी. फिकीपासून सुरुवात करायची, आंबट आणि धुरकट शेवटाला ठेवायच्या, नाहीतर पुढच्या बिअरची चवच लागत नाही. आधी वास, मग एक छोटा घोट, मग गिळल्यावर तोंडात काय उरतं ते. मी वही ठेवते. मराठीत लिहिते, कारण माझ्या जिभेच्या आठवणी मराठीत आहेत.

पिल्स घ्या. १८४२ साली चेक प्रदेशातल्या पिल्झेन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने केलेल्या फिक्या सोनेरी बिअरचा हा वंश. तिथलं पाणी अगदी मऊ, म्हणून हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडवटपणा खरखरीत होत नाही. वहीत लिहिलंय : ‘मेथीच्या पानासारखा कडू, पण मागे गोड.’ तिच्याशेजारी कोलोनची क्योल्श ठेवली तर दिसायला जवळजवळ जुळी. पण क्योल्शचं यीस्ट वर तरंगून काम करणारं, थोड्या उबेत आंबवणारं, म्हणून तिला पेरूच्या फोडीसारखा हलका फळांचा वास येतो. आंबवून झाल्यावर ती थंडीत मुरवतात, त्यामुळे ती तितकीच स्वच्छ लागते. ती दोनशे मिलीलिटरच्या सरळ, अरुंद ग्लासात देतात आणि ग्लासावर गोल पुठ्ठा ठेवेपर्यंत वेटर नवे आणत राहतो. हा दुसरा भाग मला आवडत नाही. किती प्यायचं हे पिणाऱ्याने मागून ठरवावं.

गव्हाच्या बिअरला, वाइसबिअरला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. मला पहिल्यांदा वाटलं की यात मसाला घातलाय. काही घातलेलं नसतं, दोन्ही वास यीस्टनेच तयार केलेले असतात. लाइपझिगच्या गोझंमध्ये मात्र खरोखर मीठ आणि धणे असतात आणि ती आंबट असते. उन्हातून आल्यावर मठ्ठा प्यावा तशी लागते.

पण ज्या बिअरसाठी मी वहीची पानंच्या पानं भरली, ती बांबेर्गची राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. आमच्या घरापासून रेल्वेने पाऊण तासाच्या आत. तिचं कारण समजायला आधी माल्ट समजायला हवं, आणि ते मला जर्मनीत कोणाकडून शिकावं लागलं नाही. आई नाचणीचं सत्त्व करायची : नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. माल्ट म्हणजे जवाचं हेच. मोड येताना दाण्यात जे तयार होतं तेच पुढे पिठूळपणाची साखर करतं, आणि यीस्ट ती साखर खातं. मोड आलेला दाणा वाळवायचा असतो. पूर्वी तो आगीवर वाळवत, त्यामुळे बहुतेक बिअरला थोडा धूर लागायचा. नव्या भट्ट्यांत धूर दाण्याला लागेनासा झाला आणि धुराची चव जवळजवळ जगभरातून गेली. बांबेर्गमधल्या श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोन घरांनी बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवणं सोडलं नाही.

दोन्हीही धुराच्याच, पण किती वेगळ्या! श्पेत्सियालची अंबर रंगाची, धूर मागून येतो, भरल्या वांग्याला चुलीचा वास लागावा तसा. श्लेंकर्लाची गडद. पहिल्या घोटाला नुसता धूर, भरतासाठी वांगं थेट निखाऱ्यावर भाजताना स्वयंपाकघरात कोंडतो तो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ सरावते आणि खालून भाजलेल्या गुळाची गोडी वर येते. याच घराची हेलेस लागर, म्हणजे फिकी बिअर, आहे. तिच्यात धुराचं माल्ट मुळीच नसतं, पण त्याच भांड्यांतून आणि त्याच यीस्टने झाल्यामुळे तिलाही धुराची पुसट आठवण असते. या तिन्ही एका ओळीत ठेवून चाखल्या की एका गोष्टीचं कमी-जास्त म्हणजे काय ते नेमकं कळतं. कोणत्याही वर्णनाने ते मला कळलं नसतं. आणि हे कळायला तिघींतलं मिळून अर्धा ग्लास पुरतं.

आता घरचं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, महाराष्ट्रात धान्यापासून बनणाऱ्या मद्याचा नवा वर्ग केला, बिअर आणि वाइन यांना हात लावला नाही. वर्षाला १४,००० कोटींची भर अपेक्षित होती. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरच्या शुल्काचा फेरविचार करायला अभ्यासगट नेमला गेला होता. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि महिनाभर राज्यात वाद कशावर, तर वाइन ही दारू आहे की नाही. दर वेळी मी इथून वाचते आणि दर वेळी दोनच बाजू दिसतात. एकीकडे महसूल, दुसरीकडे बंदी. माणूस नेमकं काय पितो, किती तीव्रतेचं, कुठे बसून, कशाबरोबर, याबद्दल कोणी बोलत नाही.

माझ्या मते तेच धोरणाच्या मध्यभागी हवं. जर्मनीत बिअरवरचा कर तिच्या मूळ अर्काच्या, म्हणजे आंबण्याआधी पाण्यात उतरलेल्या माल्टच्या साखरेच्या, अंशांवर बसतो : शंभर लिटरला दर अंशामागे सुमारे ७९ सेंट. नेहमीच्या बारा अंशांच्या बिअरच्या अर्ध्या लिटरवर हा कर पाच सेंटांहूनही कमी होतो. घट्ट आणि तीव्र बॉक बिअरवर तो जास्त, छोट्या भट्टीला दर कमी. तेवढा कमी कर आपण लावावा असं मी म्हणत नाही, इतकी स्वस्त दारू मलाही नको आहे. पण तत्त्व घेण्यासारखं आहे. सौम्य पेय ठळकपणे स्वस्त असलं पाहिजे. आपल्याकडे विकली जाणारी बहुतांश बिअर स्ट्राँग आहे, आणि तसं का, हे बिअर शॉपीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मिळते. बसायला जागा नाही, खायला काही नाही. ती गाडीआड किंवा बांधावर भराभर संपवायची असते. अशा पिण्यात माणूस चव विचारत नाही, तेवढ्या पैशांत जास्त काय चढेल ते विचारतो.

चवीची बिअर महाराष्ट्रात नाही असं नाही. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली, मग मुंबई-पुण्यात बऱ्याच छोट्या भट्ट्या आल्या. सुट्टीत जाते तेव्हा मी तिथे बसते, आणि त्यांतली काही गव्हाची बिअर इथल्या मधल्या दर्जाच्या बिअरला हरवेल अशी असते. पण एका ग्लासाला चार-पाचशे रुपये द्यायचे आणि वर मोठ्याने वाजणारं संगीत. तिथे माझ्या गावातला कोणी जाणार नाही. इथे आउफ्सेस नावाची पंचायत आहे, लोकवस्ती तेराशेच्या आसपास आणि भट्ट्या चार. चौघींना जोडणारी पायवाट आहे. आम्ही ती चाललोय, शेतांमधून, दिवसभरात. त्यांना कोणी ‘क्राफ्ट’, म्हणजे खास कारागिरीची बिअर, म्हणत नाही. गावातला बेकर असतो तसा गावातला बिअरवाला.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगते. आत्या माझी, आमच्याच जिल्ह्यात, दुसऱ्या गावात दिलेली. तिच्या गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान लावलं होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं असतात, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिकींनी आडवीला मत दिलं तर दुकान बंद होतं. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. लग्न होऊन गेलेल्या, मुंबईला कामाला असलेल्या, सगळ्या त्या हिशेबात. पहिल्या वेळी त्यांना मतं कमी पडली. दुसऱ्या वेळी पुण्या-मुंबईहून गाड्या करून बायका आणल्या आणि दुकान बंद झालं. आत्याचा नवरा दारूनेच गेला होता.

आत्या माझं ऐकून घेते आणि म्हणते, “अगं, तुझ्या तिथं माणसं बसून पित्यात. आपल्याकडं गडी उभ्यानं पितोय आन् आडवा होऊन घरी येतोय.”

तिचं म्हणणं मी इथल्या अनुभवावरही तपासून पाहते, आणि ते खोटं ठरत नाही. आमच्या एर्लांगेनची ‘बेर्ग’ची जत्रा १७५५ पासून भरते, बारा दिवस, त्याच केलरांवर. बिअर लिटरच्या मगात आणि नेहमीपेक्षा तीव्र, सहा टक्क्यांच्या आसपास. दुपारी तिथे आज्या नातवंडांना घेऊन बसतात. रात्री दहाला तिथून उतरताना मी मुलीचा हात घट्ट धरते, कडेला ओकणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं बघते, रुग्णवाहिका बघते. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर विकत घेता येते आणि आईवडील सोबत असले तर चौदाव्या वर्षी पिता येते. हे मला चूक वाटतं, आपली एकवीसची अट शहाणपणाची आहे. दारूमुळे या देशात दरवर्षी चाळीस हजारांहून अधिक माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. मी चाखते ते हे जाणून चाखते. महिन्यातली एक संध्याकाळ आणि उन्हाळ्यातले काही रविवार, यापलीकडे जात नाही.

म्हणून चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, तेव्हा इथल्या मराठी मंडळींतल्या काहींनी ‘पुढारलेपणा’ म्हणून जो आनंद केला, त्यात मी नव्हते. बंदीने चोरटी दारू वाढते हे खरं आहे. पण ज्या बायकांनी ती बंदी मागितली होती त्यांना तिच्या बदल्यात काय मिळालं? दुकानं परत मिळाली. व्यसनमुक्तीचं केंद्र, सौम्य पेय, बसून खाण्या-पिण्याची उजेडातली जागा, यांतलं काही त्या निर्णयाबरोबर आलं नाही.

आडव्या बाटलीचा हक्क राहिलाच पाहिजे. उलट यादीतल्या निम्म्यांऐवजी मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या पुरेशा धराव्यात. आणि सोबत वेगळा परवानाही हवा : स्वतः केलेली, पाच टक्क्यांच्या आतली बिअर, तिथेच बसवून, खाण्याबरोबर देणाऱ्याला. त्याच्याकडे दुसरी कोणतीही दारू नाही, बाटली बाहेर न्यायची नाही, आणि हा परवानाही गावातल्या बायकांच्या मताखाली. आपल्याकडे ज्वारी आहे, नाचणी आहे, मोड आणण्याची कला घरोघर आहे.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, त्या जवाला मोड केवढा येऊ देतात? मी म्हटलं, दाण्याच्या लांबीएवढा झाला की थांबवतात, पुढे गेला तर दाणा रिकामा होतो. “नाचणीचंही तसंच,” ती म्हणाली. आणि लगेच : “पण परवाना द्यायच्या आधी आम्हाला विचारायचं. नंतर नाही.”