“आय सेव्हन आहे मॅडम” म्हणून गळ्यात मारलेला प्रोसेसर

गेल्या रविवारी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. भाच्याची बारावी झाली म्हणून तिने भिशीचे पैसे घालून त्याला गेमिंग पीसी घेऊन दिला, ३८ हजार रुपये. काचेचं कॅबिनेट, आत तीन रंगीत पंखे आणि पुढे इंटेलच्या आय सेव्हन प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचा, निळा स्टिकर. मी चप्पल काढतोय तोवर पोरगं म्हणालं मामा, व्हॅलोरंट चालूच होत नाहीये आणि काउंटर स्ट्राइक टू मध्येच अडकतंय, बघ ना जरा.

व्हॅलोरंट लावलं तर व्हॅन ९००१ एरर. तिथेच मला शंका आली, कारण विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात आणि आजच्या पिढीच्या कुठल्याही मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवर, त्या असतातच. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर गेलो तर समोर नाव, आय सेव्हन ३७७०. म्हणजे २०१२ चा प्रोसेसर! अख्खं १२ वर्षांहून जुनं मॉडेल, कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून निघालेलं, त्याखाली कोरा पण जुन्याच पिढीचा एच ६१ बोर्ड ज्याच्यावर कंपनीचं नाव पण नाही, आणि वर १६ जीबी डीडीआर थ्री, म्हणजे जुन्या प्रकारची रॅम. काउंटर स्ट्राइक चालू ठेवून बाजूला ग्राफ बघितला, प्रोसेसर शंभर टक्क्याला टेकलेला आणि १६६० सुपर हे ग्राफिक कार्ड निम्म्यावर निवांत. गेममध्ये धूर सोडला आणि चार जण समोर आले की चित्र थांबायचं. पोराला वाटत होतं आपलं इंटरनेट खराब आहे.

मला खरंच राग आला, कारण दुकानदाराने ताईला एवढंच सांगितलं होतं की आय थ्रीपेक्षा आय फाईव्ह भारी आणि आय फाईव्हपेक्षा आय सेव्हन भारी. ते एकाच पिढीत खरं आहे. पिढी बदलली की सगळं गणितच फिरतं. नाव बघायचं नाही, नंबर बघायचा. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, १२४०० मधले १२ म्हणजे बारावी. २०२२ चा आय थ्री १२१००एफ चारच कोरचा आहे (कोर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक कामगार), पण हा ३७७० त्याच्या जवळपाससुद्धा जात नाही. गिगाहर्ट्झ, म्हणजे ठोक्यांचा वेग, बघाल तर फार फरक दिसणार नाही, एक ३.९ पर्यंत जातो दुसरा ४.३ पर्यंत, पण नव्या कोरचं एका ठोक्यात होणारं काम कितीतरी जास्त आहे. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एकाच कोरवर येऊन पडतं, भिंत बांधणारा गवंडी एकच आणि बाकीचे हाताखाली असं समजा, गवंडीच मंद असेल तर हाताखाली दहा माणसं देऊन भिंत वर चढत नाही. शिवाय तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स टू नावाचा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नाही, त्यामुळे काही नवे गेम तर उघडतच नाहीत.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे, बजेटमध्ये ग्राफिक कार्डासकट पीसी करत असाल तर एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय फाईव्ह १२४००एफ, दोन्ही सहा कोर बारा थ्रेड (म्हणजे एकेक कोर दोन कामं सोबत घेतो), दोघांत ज्याचा बोर्ड धरून हिशोब स्वस्त पडेल तो घ्या आणि उरलेला पैसा कार्डात घाला. त्याहून हात आखडता असेल तर १२१००एफ. नुसता रायझन ५५०० थोडा स्वस्त दिसला म्हणून उचलू नका, त्यात कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, १६ एमबी आहे आणि ५६०० मध्ये ३२, गेममध्ये हा फरक जाणवतो. ५६००जी चं पण तेच, कॅश १६ च. पण कार्डाला आत्ता पैसेच नसतील तर मात्र ५६००जी च घ्या, त्यात स्वतःचं ग्राफिक आहे, फक्त रॅम ८-८ च्या दोन कांड्या लावा, १६ ची एकच लावू नका, कारण ते ग्राफिक रॅमवरच जगतं आणि एका कांडीवर त्याचा जीव अर्धा होतो. आणि इंटेलमध्ये नंबरमागे एफ असेल तर आत ग्राफिक नाही हे ध्यानात ठेवा, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार, मग लोक मॉनिटर बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात.

एएमडीच्या नव्या एएम फाईव्ह सॉकेटवाला रायझन ७६०० नक्कीच पुढचा आहे, पण त्याला डीडीआर फाईव्ह रॅम आणि महाग बोर्ड लागतो, चाळीस हजारांत ते बसवायला गेलात तर कार्डाच्या पैशाला कात्री लागते, आणि गेमिंगमध्ये कार्डाची कात्री सगळ्यात वाईट.

बिलावर नुसतं “आय सेव्हन १६ जीबी” असं लिहून दिलं तर घेऊ नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, बोर्डाचं मॉडेल, एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) कंपनी, सगळं लिहून मागा आणि सीलबंद डबा समोर उघडायला लावा, डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ताईच्या बिलावर एकच ओळ होती, “कॉम्प्युटर सेट १ नग”. त्या एका ओळीवर ती आता भांडणार तरी काय?

भाच्याचं कॅबिनेट, एसएसडी आणि कार्ड तेच ठेवतोय. एसएमपीएस उघडून बघितला, बरा निघाला. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तेवढी बदलायची, जुनी डीडीआर थ्री नव्या बोर्डात बसत नाही म्हणून रॅमचाही खर्च आलाच. निम्मे पैसे मी घालतोय, हे ताईला अजून सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी पुण्यात दुकानात जायचंय, पोराला म्हटलंय मी मागे उभा राहीन, बोलायचं तू, आणि नंबर बिलावर आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. काल रात्री त्याने वहीच्या पानावर तीन दुकानांचे ५६०० आणि १२४००एफ चे भाव बोर्डासकट मांडून मला फोटो पाठवलाय.