अख्खं नेरूळ पेटलं, सिगार सोडून

२९ जून २०२४ ची रात्र. तिकडे बार्बाडोसला आपण साऊथ आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप घेतला आणि इकडे नेरूळमध्ये जी काही दिवाळी सुरू झाली, विचारू नका. गेटवर पोरं उदबत्तीने लवंगीच्या माळा लावतायत, समोरच्या टॉवरमधून रॉकेट सुटतायत, कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबूनच धरलाय. आणि मी गच्चीवर, हातात सिगार. आयुष्यातला पहिलाच.

साडूंनी दुबईच्या ड्युटी फ्रीमधून आणलेला. अस्सल क्युबन. देताना दोन्ही हातांनी असा दिला की मला वाटलं गुरुजी नारळ देतायत, मी जवळजवळ ओंजळच पुढे केली. "जपून ठेवा, चांगल्या दिवशी ओढा." आता जपायचा कुठे? ह्याला म्हणे ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी लाकडाची खास पेटी मिळते. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या बेल्टला बुरशी येते, पेटी काय करणार. शेवटी घट्ट झाकणाचा डबा शोधला, तर रिकामा एकच होता, गोड्या मसाल्याचा. धुतलेला होता (असं बायकोचं म्हणणं). तंबाखू आजूबाजूचा वास ओढून घेतो हे मला नंतर कळलं.

चौथ्या मजल्यावरचे काका सोबत होते. मर्चंट नेव्हीतून रिटायर्ड, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "आधी टोक काप. कटर आणलायस ना?" मी खिशातून आजीचा अडकित्ता काढला. सिगार तोंडात धरायच्या बाजूला पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते, तिचा जेमतेम दोन मिलिमीटरचा, टिकलीएवढाही नाही असा तुकडा उडवायचा असतो. अडकित्ता सुपारीचा, त्याला काय माहीत! कचकन आवाज आला आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढं टोक गच्चीवरच्या डबक्यात. "अरे, टोपी काढायची होती, मुंडकं नाही!" वरचं पान कांद्याच्या सालीसारखं सुटायला लागलं, ते थुंकी लावून कसंबसं चिकटवलं.

मग पेटवणं. मला वाटायचं तोंडात धरायचा, काडी लावायची, ओढायचं. काका म्हणाले छे, ती बिडी. सिगारचं पाऊल, म्हणजे पेटवायचं टोक, आधी शेकायचं, ज्योतीच्या वर तिरका धरून, ज्योत न लावता, फिरवत फिरवत, कड सगळीकडून राखाडी होईपर्यंत, आणि तोवर तोंडाला लावायचा नाही. शिवाय काडीचं गूल पूर्ण जळून जाऊ द्यायचं, नाहीतर गंधक चवीत उतरतं. आता हिशोब बघा, गूल जळेपर्यंत अर्धी काडी संपते, उरलेली अर्धी पाम बीचकडून येणारा वारा विझवतो, आणि मुळात काडीपेटीच सादळलेली, दहा काड्यांत एक पेट घेते. खालच्या पोराकडून पेट्रोलचा लायटर मागितला तर काका ओरडले, त्याचा वास लागतो, ब्युटेनचा हवा. मेणबत्ती? मेणाचा वास. मी समईचं नाव काढलं तर त्यांनी नुसतं बघितलं.

काड्या संपेपर्यंत त्यांनी मला केनेडीची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये क्युबावर निर्बंध घालायची सही करायच्या आधी त्याने म्हणे आपल्या प्रेस सेक्रेटरीला बाजारात पिटाळलं आणि १२०० सिगार हातात आल्यावरच सही केली. म्हणजे आपल्याकडे नोटाबंदीच्या रात्री लोक सोनाराकडे धावले तसंच, फक्त इथे नोटाबंदी जाहीर करणाराच रांगेत पहिला.

शेवटची काडी विझली तसे आम्ही खाली आलो. किचनमध्ये मी गॅसचा लायटर टकटक केला, त्यातून नुसत्या ठिणग्या. आई इतका वेळ टीव्हीवर रोहितला बघत होती, ती उठून आली. "काय चाललंय? चिरूट आहे होय ते?" मी शरमेने सगळं सांगितलं, शेकायचा, ज्योत लावायची नाही, फिरवत राहायचं. आई म्हणाली, "म्हणजे पापड." आणि माझ्या हातातून घेऊन तिने बर्नर बारीक केला.

पुढचं एक मिनिट मी विसरणार नाही. दोन बोटांत हलका धरलेला, ज्योतीपासून चांगला इंचभर वर, मनगट स्थिर आणि फक्त बोटं फिरतायत. आधी कड करडी झाली, मग आत सरकत सरकत लाल गोल. मग तिने तोंडासमोर आणून हळूच फुंकर घातली, सगळीकडे सारखा फुललाय का बघायला, एका बाजूला काळा डाग होता, परत दोन सेकंद तेवढीच बाजू शेकली. काका दारात अवाक. "वहिनी, तुम्ही कधी..."

"चुलीतले निखारे फुलवण्यात जन्म गेला माझा. घ्या, आणि घरात धूर नको."

बाल्कनीत गेलो तर बायको आधीच तिथे, दोरीवरचे कपडे ओढत. "अहो, तीन दिवस वाळत नाहीयेत ते, आता ह्याचा वास!" मी घाईघाईत सिगरेटसारखा झुरका थेट छातीत घेतला आणि पुढची पाच मिनिटं कठड्याला धरून खोकलो. धूर आत घ्यायचा नसतो, चूळ भरल्यासारखा तोंडात घोळवून सोडायचा असतो, हे काकांनी तेव्हा सांगितलं. मग "असा" म्हणत दाखवायला त्यांनी सिगार हातात घेतला तो परत काही दिला नाही. मिनिटाला एक झुरका, एकदम निवांत. राख झटकायची नाही म्हणाले, ती आपोआप पडली, तुळशीत.

तेवढ्यात साडूंचा व्हिडिओ कॉल. "काय मग, ओढलात की नाही? कसा वाटला?"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी म्हटलं, "छान! जरा धणे-जिऱ्याची, दगडफुलाची चव लागते हो मागून."

साडू खूश. "बरोब्बर पकडलंत! तो क्युबाच्या मातीचा गुण."