चपलांचा राखणदार

किंगडा का पाडला, ही बातमी मी सकाळच्या चहाला बायकोला सांगितली.

"काय पाडला?"

"किंगडा का."

"का ते मला काय माहीत! तुम्हीच सांगून राहिले ना?"

'का' हा त्याच्या नावाचाच भाग आहे हे पटवून देईपर्यंत चहा निवला. किंगडा का म्हणजे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर या पार्कातला रोलर कोस्टर. उंची १३९ मीटर. २००५ साली सुरू झाला तेव्हा जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान. २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून त्याला आडवा केला. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि चौथ्यांदा चष्मा काढून पुसला.

"तुम्ही बसले होते त्याच्यात?" बायकोने विचारलं.

"नाही."

"जवळून पाहिला होता?"

"नाही."

"मग पोहे घ्या. तर्री गरम आहे तोवर."

माझ्या छंदाची घरात ही अशी किंमत आहे. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला जुन्या नाण्यांचं. मला जत्रेतल्या पाळण्यापासून अमेरिकेतल्या ओरलँडोच्या पार्कांपर्यंत जे जे फिरतं, घसरतं, उलटं होतं त्याचं वेड आहे. आणि राहतो नागपुरात. आमच्याकडे झिरो माइलचा दगड आहे, आपण देशाच्या मध्यावर आहोत याचा नागपूरकराला फार अभिमान. माझ्यासारख्याला त्याचा अर्थ एवढाच, की देशातला प्रत्येक बरा रोलर कोस्टर आपल्यापासून सारखाच लांब आहे. खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ पासून 'नायट्रो' आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार कंपनीचा, बिनतळाचा. म्हणजे गाडीला खाली फळी नाही, पाय हवेत लोंबतात. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, ७०१ किलोमीटर पूर्ण झाले, तेव्हा अख्खं नागपूर "आता मुंबई आठ तासांत" म्हणत होतं. मी एकटाच मनात खोपोलीचा हिशोब करत होतो. अजून करतोच आहे.

त्यामुळे तोवर बातम्यांवर भागवावं लागतं, आणि बातम्या ऐकायला माणूस लागतो. माझा माणूस म्हणजे माझा साळा. तो कळमेश्वरचा, संत्र्याच्या व्यापारात आहे, आणि भाऊजींचा मान राखायचा म्हणून दहा मिनिटं ऐकून घेतो. त्याला मी सांगितलं, की अमेरिकेत सिक्स फ्लॅग्ज आणि सीडर फेअर या पार्कं चालवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या जुलै २०२४ मध्ये एक झाल्या. तो म्हणाला, "दोन अडते एक झाले की भाव पडतात, भाऊजी. लिहून ठेवा." नंतर वर्षाच्या आत किंगडा का पडला. माणूस शिकलेला नाही असं कोण म्हणेल?

मे २०२५ मध्ये तर बातम्यांचा पाऊस होता. डिस्नेने अबुधाबीच्या यास बेटावर नवं पार्क काढायचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला युनिव्हर्सलने ओरलँडोत एपिक युनिव्हर्स उघडलं. मी उत्साहाने घरी जाहीर केलं, की अबुधाबी म्हणजे आता आपल्याला ओरलँडोच्या मानाने शेजारच.

"तिथं उन्हाळ्यात किती असते?" बायको.

"पंचेचाळीसच्या वर जातं."

"मग पैसे देऊन तिथं कायले जायचं? गच्चीवर जाऊन बसा."

एवढ्या चर्चेचा निकाल म्हणून मेच्या एका रविवारी आम्ही शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो. नाव सांगत नाही. नागपूरकरांना ओळखायला तीनच प्रयत्न लागतील. आम्ही नऊ जण: आम्ही तिघं, साळ्याचं चौघांचं कुटुंब, शेजारच्या काकू आणि काकूंचा सुट्टीत आलेला भाचा. तिकिटावर कर पाहून काकू करवादल्या. मी त्यांना समजावलं, की काकू, हा अठरा टक्केच आहे; २०१७ साली जीएसटी आला तेव्हा अठ्ठावीस होता. सरकारने घसरगुंडी आणि कॅसिनो एकाच पंगतीत बसवले होते. २०१८ च्या जानेवारीत घसरगुंडीला पंगतीतून उठवलं. काकू म्हणाल्या, "आम्ही कॅसिनोत गेलो असतो तर काही जिंकून तरी आलो असतो."

आत शिरल्यावर पहिला अडसर कपड्यांचा. सुती कपड्याने पाण्यात उतरायचं नाही, कारण सुताचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. हे कारण मी रांगेतल्या सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत. साळ्याने भाड्याची नायलॉनची चड्डी घेतली. ती कुणा सडपातळ माणसाच्या मापाने शिवलेली होती. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

दुसरा अडसर चपलांचा. लॉकर छोटा, त्यात मोबाइल, पाकिटं आणि काकूंच्या बांगड्या. चपला बाहेर. बाहेर ठेवल्या तर जातात हा काकूंचा देवळातला अनुभव. तेव्हा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं.

"अहो, तुम्हाला तर हे सगळं माहीतच आहे," बायको म्हणाली. "तुम्ही बसा ना जरा. आम्ही एक चक्कर मारून येतो."

म्हणजे जो सर्वांत जास्त जाणतो त्याने बाहेर बसायचं. आमच्या ऑफिसातही हेच चालतं.

मी नऊ जोड घेऊन लाटांच्या तळ्याच्या काठावर बसलो. फरशी तव्यासारखी. लाटा कशा येतात ते इथे सांगून टाकतो, कारण तिथे कुणी विचारलं नाही. खोल टोकाच्या भिंतीमागे कोठड्या असतात. त्यात पंख्याने जोरात हवा कोंबली की पाणी खाली दाबलं जातं आणि पुढे ढकललं जातं. हवा सोडली की परत येतं. हेच ठरावीक लयीत केलं की लाट. आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की पाचशे माणसं एका आवाजात "गणपती बाप्पा मोरया!" म्हणतात, हे मात्र जगातल्या कुठल्याही लाटांच्या तळ्याच्या माहितीपत्रकात नाही.

लांबच्या घसरगुंडीची रांग मला काठावरून दिसत होती. रांगेबद्दल मी अभ्यास केलेला आहे. डिस्नेने १९९९ साली फास्टपास काढला, फुकट. चिठ्ठी घ्या, ठरल्या वेळी या, रांग टाळा. पुढे ते फुकट पास गेले आणि त्याच कामाचे पैसे घ्यायला लागले. आपल्याकडे मात्र ही सोय अजून फुकट आहे. एक पोट्टा रांगेत उभा राहतो. त्याचा नंबर आला की "आमचा माणूस पुढं आहे" असं म्हणत मागून चौदा जण येतात. मागच्याने हरकत घेतली तर त्याला उत्तर मिळतं, "काहून भाऊ, एकाच घरचे आहोत." ते चौदा जण एका घरचे असतीलही. नागपुरात घरं मोठी असतात.

दुपारी पाण्याचा विषय निघाला. चहूकडे पाणी, फक्त प्यायचा कूलर कोरडा. साळा तोटी पिळत होता. मी त्याला धीर दिला. म्हटलं, १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, त्या दिवशी तिथेही प्यायच्या पाण्याच्या तोट्या चालू नव्हत्या. नळ जोडणाऱ्यांचा संप झाला होता. वेळ कमी, एक तर संडास चालू होणार, नाही तर तोट्या. वॉल्ट डिस्नेने संडास निवडले. नवं डांबर उन्हाने वितळून बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. खोटी तिकिटं घेऊन हजारो माणसं घुसली. आणि आज पाहा!

साळ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊजी, तिथं संडास तरी चालू होते ना?"

चार वाजेपर्यंत माझा जम बसला होता. ओळीने चपला, काटकोनात. एक अनोळखी गृहस्थ आले, माझ्याकडे आणि चपलांकडे पाहिलं, आपलाही जोड रांगेत लावला आणि "जरा लक्ष ठेवा हो" म्हणून गेले. त्यांचं पाहून आणखी चौघे. मी कुणालाच काही बोललो नाही. जाताना त्यातल्या एका आजोबांनी माझ्या हातावर दहा रुपये ठेवले. या क्षेत्रातली ती माझी पहिली कमाई.

मी पाण्यात उतरलो ते पावणेसहाला. शिट्टी झाली आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

यावर उतारा म्हणून दिवाळीत हैदराबाद ठरलं. सिकंदराबादची वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून आहे. पहाटे नागपूर सोडते, दुपारी पोचवते. मी त्या पहाटे इतका आनंदात होतो, की बायकोने डबा उघडून पोळीभाजी दिली आणि वर म्हणाली, "आता तरी झोपा." कशी झोप लागणार? हैदराबादच्या त्या पार्कात बूमरँग जातीचा कोस्टर होता. ही जात डच व्हेकोमा कंपनीची, १९८४ पासून जगभर पसरलेली. गाडी आधी उलटी, पाठमोरी, उंच टोकापर्यंत ओढतात. मग सोडून देतात. फलाटातून सुसाट जाते, तीनदा उलटी होते, पलीकडच्या चढावर पोचते, आणि मग हाच सगळा प्रवास पाठमोरा. एका तिकिटात सहा कोलांट्या.

रांगेत तासभर मी साळ्याला, आणि त्याच्या पुढच्या मागच्यांना, लूपचं, म्हणजे रुळाच्या उभ्या वेटोळ्याचं, गणित सांगितलं. लूप गोल बांगडीसारखा का नसतो? पूर्ण गोल केला तर सपाट रुळावरून एकदम वळण लागतं, बुडाशी माणसाच्या मानेवर नको इतका भार येतो. म्हणून तो थेंबासारखा, वर निमुळता असतो. वळण हळूहळू घट्ट होत जातं. जर्मनीच्या वेर्नर स्टेंगलने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या 'रेव्होल्यूशन'मध्ये हे जमवून दाखवलं. मागचा एक तेलुगू मुलगा फार लक्ष देऊन ऐकत होता. त्याला मराठी येत नव्हतं हे नंतर कळलं.

फलाटाच्या दारात उंची मोजायची दांडी. माझी लेक दोन बोटं कमी भरली.

दांडीवाल्याचं काहीच चुकलं नाही. ती दोन बोटं म्हणजे खांद्यावरचा बंद नीट बसणं न बसणं असतं. मी स्वतः लेकीला हे समजावून सांगितलं. तिचा ओठ लोंबायला लागला. कुणीतरी तिच्यापाशी थांबायला हवं होतं. बायको म्हणाली, "मी थांबते, मला कुठं बसायचंय." मी म्हणणार होतो, थांब. पण लेकीने माझंच बोट धरलं होतं.

"जा तू," मी बायकोला म्हटलं. "माझ्या जागेवर."

तिने पायातल्या सँडल काढून माझ्या हातात दिल्या. साळ्यानेही दिल्या.

मी खाली कठड्याशी उभा राहिलो, एका हातात लेक, दुसऱ्या हातात चार चपला. गाडी पाठमोरी वर जायला लागली. लोक किंचाळत होते, साळा तर कुलदैवतासकट गावातल्या सगळ्या देवांना हाका मारत होता. बायको अगदी शांत. भाजी निवडताना असते तशी. तो चेहरा तीनदा सुलटा आणि तीनदा उलटा माझ्यासमोरून गेला.

खाली आल्यावर मी धावत गेलो. "कसं वाटलं?"

"काही नाही," ती केस बांधत म्हणाली. "जातानाचं एवढं विशेष नाही. येतानाचं बरं आहे, कारण पुढचं दिसत नाही. मधे एका ठिकाणी मान थोडी हलते, तिथं रूळ नीट नसावा." मग जरा थांबून: "पुन्हा रांग किती आहे?"

एवढं नेमकं परीक्षण मी आयुष्यात केलेलं नाही.

परत आल्यापासून घरात पारडं फिरलं आहे. डिसेंबरात चेन्नईत वंडरला नावाचं पार्क उघडलं हे मला तिने सांगितलं. तिथेही नायट्रोवाल्या स्विस कंपनीचा कोस्टर आहे, हेही तिनेच. सौदीत किद्दियाला फाल्कन्स फ्लाइट नावाचा कोस्टर आलाय, ताशी २५० किलोमीटर, हे मी सांगायला गेलो तर म्हणाली, "वाचलं मी. वेगाचं काय एवढं? वळणं कशी आहेत ते पाहावं लागेल." साळा आता तिला फोन करतो.

परवा सक्करदऱ्याच्या बाजूला आनंदमेळा लागला होता. ब्रेकडान्स, ड्रॅगन, कोलंबस, मौत का कुआँ, आणि मधोमध आकाशपाळणा. मी सवयीने सगळ्यांच्या पिशव्या घेऊन कडेला उभा होतो. पाळणेवाला एकेक डबा भरत होता. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. एका बाजूला वजन जास्त झालं की चाक नीट फिरत नाही, मोटरला दम लागतो, म्हणून समोरासमोरचे डबे तोलून भरावे लागतात. त्याने एका डब्यात तीन धिप्पाड गडी बसवले, चाक अर्धं फिरवलं, समोरच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग गर्दीवर नजर फिरवली. ती माझ्या पोटावर येऊन थांबली.

"ओ काका! या. वजनाला माणूस पाहिजे."

"तिकीट नाही काढलं."

"राहू द्या तिकीट. बसा लवकर."

मी पिशव्या बायकोकडे दिल्या. एकोणपन्नास वर्षांत एखाद्या राइडला माझी गरज पडल्याची ही पहिलीच वेळ. डबा करकरत वर निघाला. १८९३ साली शिकागोत जॉर्ज फेरिसने ८० मीटरचं चाक उभं केलं, तेव्हा त्यात एका वेळी दोन हजारांवर माणसं बसत. माझ्या डब्यात मी एकटाच, आणि एक गंजलेली साखळी. अगदी वर पोचलो आणि खाली कुणीतरी चढायला लागल्यामुळे चाक थांबलं. थंड वारा, खाली भाजलेल्या मक्याचा वास, दूरवर मेट्रोची दिव्यांची ओळ सरकत होती. मी हरखून पाय हलवले, नायट्रोत हलवतात तसे.

फोन वाजला.

"अहो, निळ्या पट्ट्याची चप्पल तुमचीच ना?"

"हो. का?"

"एकाच्या पाटोडीच्या प्लेटमध्ये पडली. तो वर पाहून राहिलाय. तुम्ही पलीकडे पाहा."