पक्का सोलापूरकर व्हायचंय? आधी गाव सोडा

पक्का सोलापूरकर व्हायचं असेल तर पहिली अट एकच: सोलापुरात राहू नका. राहिलात की संपलं. राहणाऱ्याला गावाचा अभिमान मिरवायला सवड कुठं असते? सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायचं, संध्याकाळी धूळ खात परत यायचं, यातच त्याचा जन्म जातो.

तेव्हा सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस धरा. गाडीला ज्यांच्यावरून नाव पडलं, त्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांनाही पुण्यालाच नेलं होतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. तुमची सोय बरी आहे. तुम्हाला खिडकीची जागा आणि हिंजवडीत नोकरी. १९३० साली सोलापूर असं पेटलं की इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला, हे ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगत चला. सांगताना 'आम्ही' म्हणायचं.

कुणी टोमणा मारलाच तर डॉ. कोटणीसांना पुढं करा. १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तिथंच वारले, तरी सोलापूरचेच! मग बाणेर काय एवढं लांब आहे? ते जखमी सैनिकांची सेवा करत होते आणि तुम्ही क्लायंटची करता, हा किरकोळ फरक सोडून द्या.

आता शुद्धतेचं खातं तुमच्याकडं. पुण्याच्या दुकानात 'सोलापुरी शेंगा चटणी' दिसली की चिमूटभर तोंडात टाकून तोंड वाकडं करायचं. तेल सुटलं नाही, उखळात कुटलेली नाही, मिक्सरला फिरवलीय! (घरी आईसुद्धा आता मिक्सरच लावते. ते आपल्यात ठेवा.)

शुद्धतेचंच पुढचं काम जरा जोखमीचं आहे. खरा सोलापूरकर कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवायचं. सुट्टीत आलात की पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, एक चक्कर टाका. तिथं उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन एखादी बाई तेंदूपानाच्या विड्या वळत बसलेली असेल. तिला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यात छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मेहनत वाया. आत नवरा यंत्रमागावर. त्या खडखडाटातनंच ती पोरांवर तेलुगूत ओरडते, शेजारणीशी कानडीत बोलते आणि वीजबिलवाल्याशी मराठीत भांडते. तिला सरळ विचारा, ''मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?'' ती हात न थांबवता म्हणेल, ''हितलीच की.'' मान डोलवा, पण मनावर घेऊ नका. तिचे पणजोबा मागावर बसायला तेलंगणातून आले होते, म्हणजे ती बाहेरची. तुम्ही बाहेर गेलात, म्हणून तुम्ही आतले. चादर मात्र तिच्याच गल्लीतली न्या, पुण्यात पाहुण्यांना दाखवायला लागते.

संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेसाठी, रजा टाका. बाराबंदीचा पांढरा अंगरखा घालून नंदीध्वजाच्या उंच काठीशेजारी उभे राहा. उचलायला जाऊ नका, उचलणारे आधीपासून सराव करतात आणि ते गावातच राहतात. संमती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता टाका, व्हिडिओ टाका. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदवलं. तुम्ही त्या तळ्यापुढं सेल्फी काढलात तरी पुण्य तेवढंच.

मधल्या वेळात भांडायला विषय हवा. चिमणी आहे ना! विमानांना आडवी येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावर शेतकऱ्याच्या बाजूनं सकाळी आणि विकासाच्या बाजूनं रात्री लिहा. पुढं विमान सुरू झालं ते गोव्याला. म्हणजे आता गाव सोडायला पुण्याचीही सक्ती नाही.

मुक्काम अर्थात काकांच्या घरी. स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव होतं, हे त्यांना नळाकडं बघत ऐकवू नका. उजनी धरण भरलं तरी त्यांच्याकडं पाणी काही दिवसांआडच येतं, आणि त्या दिवशी ते कुठंही जात नाहीत, लग्नालासुद्धा. पिंपावर झाकण ठेवता ठेवता ते विचारतीलच, ''काय बे, कायमचा कधी येतोस?''

''इथं स्कोप नाही काका,'' म्हणा आणि त्या पिंपातल्या दोन बादल्या जास्त घेऊन अंघोळ उरका. पुढचं पाणी कधी येणार, हे विचारत बसू नका. तोवर तुम्ही बाणेरला पोचलेले असाल.