कैदेत मेलेल्या शिपायाचंही नाव फलकावर हवं

२०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत आमच्या ग्रामपंचायतीसमोर देशासाठी प्राण दिलेल्यांच्या नावांचा शिलाफलक लागला. त्यावर माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव नाही. चौकशी केली तर एक जण म्हणाला, “तो तं इंग्रजाच्या फौजेत होता ना भाऊ. अन् लढता लढता थोडाच मेला? कैदेत मेला.”

मला हे अजिबात पटत नाही.

१९३० नंतरच्या मंदीत कापूस मातीमोल झाला, तेव्हा वऱ्हाड-वर्ध्याकडच्या घरांत पगाराचा दुसरा रस्ता होता कुठे? आणि दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, तेव्हा शरणागतीवर सही ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हलनं केली, शिपायाला कोणी विचारलं नाही. सुमारे ४० हजार हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. बरेच आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत, त्यांतल्या हजारोंना जहाजांत कोंबून न्यू गिनी, न्यू ब्रिटन या पॅसिफिकमधल्या बेटांकडे मजुरीला नेलं. दिवसभर ओझी वाहायची, पोटाला मूठभर भात, वरून मलेरिया आणि बेरीबेरी. युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपाननं सही केली होती, मंजुरी मात्र कधीच दिली नाही.

आमच्या घरी आजोबांच्या त्या भावाबद्दल फौजेकडून आलेलं एक इंग्रजी पत्र आहे. घड्यांवर चिरलेलं, एका कडेनं वाळवी लागलेलं. युद्धकैदी असताना मृत्यू, एवढंच त्यात कळतं. कशानं, कुठं, माती कोणी दिली, काही नाही. पणजीनं शेवटपर्यंत पोराची तेरवी करू दिली नाही.

सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर, कबर न सापडलेल्या २४ हजारांहून जास्त जणांची नावं कोरली आहेत. त्यांत आपले हिंदी शिपाईही आहेत. परक्या मुलखात जागा मिळते, मग गावात का नाही?

१९४२ मध्येच, १६ ऑगस्टला, ‘चले जाव’ आंदोलनात आष्टी-चिमूर पेटलं. त्या हुतात्म्यांच्या रांगेत आमच्या माणसाला बसवा, असं मी म्हणत नाही. त्यांचा मान त्यांचाच. खाली वेगळी ओळ द्या, ‘युद्धकैदेत मृत्यू’ असं स्पष्ट लिहा. आझाद हिंदमध्ये गेलेला असो की न गेलेला, कैदेत मेला तर दोघांचंही लिहा.

येत्या ग्रामसभेत मी तसा लेखी अर्ज देतोय. आजूबाजूच्या गावांत कोणाच्या पेटीत असं पत्र किंवा पेन्शनचं जुनं पुस्तक असेल, तर आजच फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. अर्ज सोबतच देऊ.