प्रत्येक काउंटीला एक सिनेटर? मग लाउंड्सच्या माणसांचं काय?

अमेरिकेत मोठी निवडणूक झाली की एक नकाशा हटकून फिरायला लागतो. जवळजवळ सगळा लाल, मधूनमधून निळे ठिपके. लाल म्हणजे रिपब्लिकन पक्षाला मत देणारा, बहुतेक ग्रामीण मुलूख, आणि निळे ठिपके म्हणजे शहरं. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: राज्यांच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, पूर्वापार प्रत्येक काउंटीचा आपला माणूस बसायचा. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने तो हक्क काढून घेतला आणि खेडी मुकी झाली. देशाच्या सिनेटमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोन जागा चालतात, तर राज्यात प्रत्येक काउंटीला एक का नको?

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. खेड्याशी नाळ असलेल्या माणसाला हा मजकूर चटकन पटतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. मला तो चुकीचा वाटतो, आणि ग्रामीण माणसाच्या बाजूने पाहिलं तर जास्तच चुकीचा.

आधी ते "पूर्वापार" बघू. १९६४ चा निकाल रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स या अलाबामाच्या खटल्यातला. त्यातच नोंदवलंय की ३६ राज्यांच्या मूळ राज्यघटनांनी दोन्ही सभागृहांसाठी लोकसंख्या हाच पूर्ण किंवा मुख्य आधार धरला होता. खुद्द अलाबामाची १९०१ ची घटना सांगत होती की सिनेटचे मतदारसंघ वस्तीने शक्य तितके सारखे असावेत आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर नव्याने आखावेत. आमदारांनी साठ वर्षं ते केलंच नाही. गावं ओस पडत गेली, तिथलं बर्मिंगहॅम शहर वाढत गेलं, जागा मात्र होत्या तिथेच राहिल्या. शेवटी अशी वेळ आली की राज्यातल्या सुमारे २५ टक्के लोकवस्तीच्या मतदारसंघांतून सिनेटचं बहुमत निवडून येऊ शकत होतं. कोर्टाने देशाच्या घटनेतल्या समानतेच्या कलमावर बोट ठेवून सांगितलं की दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ वस्तीने सारखे हवेत. सिनेटपुरतं त्याने काही हिरावून घेतलं नाही, राज्याने हाच नियम स्वतः घातला होता आणि स्वतःच मोडला होता.

देशाच्या सिनेटचा दाखलाही टिकत नाही. १७८७ साली वेगवेगळी राज्यं एकत्र येत होती आणि लहान राज्यं समान जागांशिवाय यायला तयार नव्हती. ती एक तडजोड होती. काउंट्या अशा एकत्र येऊन राज्य झालेलं नाही. राज्याने कारभाराच्या सोयीसाठी त्या पाडल्या, त्यांच्या हद्दी राज्यच ठरवतं.

आता "खेड्यांचा आवाज". इथे मला थांबायचंय, कारण या मजकुराने मला सगळ्यात जास्त इथेच अस्वस्थ केलं.

अलाबामात लाउंड्स नावाची काउंटी आहे, सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मध्ये. कापसाचा मुलूख. १९६० साली तिथे १५,४१७ माणसं होती आणि त्यांना सिनेटची एक जागा होती. बर्मिंगहॅम जिच्यात येतं त्या जेफरसन काउंटीत सहा लाखांहून जास्त माणसं, तिलाही एकच. म्हणजे लाउंड्सचं एक मत शहरातल्या ४१ मतांच्या तोडीचं. नकाशावाल्यांना हवी आहे ती व्यवस्था तंतोतंत हीच.

पण ते वजनदार मत होतं कुणाचं? लाउंड्सच्या दर दहा माणसांतली आठ कृष्णवर्णीय होती. बरीचशी दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबणारी. १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. गोऱ्यांची नोंदणी मात्र पात्र गोऱ्या मतदारांच्या संख्येपेक्षाही जास्त होती. त्याच वर्षी नोंदणी सुरू झाली, आणि नाव घातलं म्हणून जमीनमालकांनी कुटुंबंच्या कुटुंबं घराबाहेर काढली. ती हायवे ८० च्या कडेला तंबूत राहिली. रात्री तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. तरी काही कुटुंबं दोन-दोन वर्षं तिथून हलली नाहीत. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांत जॉन ह्युलेट होते. १९७० साली लोकांनी त्यांना त्याच काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून दिलं.

ही सगळी खेड्यातलीच माणसं होती. त्यांच्या डोक्यांवर मिळालेली जागा दुसरेच वापरत होते. त्या जागेला कुणी "खेड्यांचा आवाज" म्हटलं की मला ते तंबू दिसतात.

"शहरी न्यायाधीशांनी हे लादलं" असंही मजकुरात असतं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन आधी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. तिथे लॉस एंजेलिस काउंटीतल्या साठ लाख माणसांना एक सिनेटर होता, आणि अल्पाइन, इन्यो, मोनो या तीन डोंगराळ काउंट्यांतल्या मिळून चौदा हजारांना एक. १९४८ मध्ये हे बदलण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वॉरननी जुन्या व्यवस्थेची पाठराखण केली होती. पुढे त्याच माणसाने लिहिलं की लोकप्रतिनिधी माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हे. आपलं मत बदलायला त्यांना सोळा वर्षं लागली.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. कोलोरॅडोत १९६२ साली मतदारांनी स्वतःच कौल देऊन सिनेटमध्ये खेड्यांना झुकतं माप दिलं होतं, आणि कोर्टाने तेही रद्द केलं. लोकांचा कौल कोर्टाने मोडला, ही तक्रार खरी आहे. तरीही मला कोर्टाचंच पटतं. शेजाऱ्याच्या मताची किंमत निम्मी करायचा अधिकार बहुमतालाही नसावा.

राहिलं "आता खेड्यांना कुणी विचारत नाही" हे. अलास्का बघा. तिथे सिनेटचे २० मतदारसंघ आहेत, वस्तीने जवळपास सारखे, प्रत्येकी ३६ हजारांच्या आसपास. उत्तर आणि वायव्य किनाऱ्याचा 'टी' मतदारसंघ क्षेत्रफळाने सबंध महाराष्ट्राहून मोठा आहे. बहुतेक गावांना जोडणारा रस्ता नाही, विमानाने जायचं नाहीतर बोटीने. तिथले सिनेटर डॉनी ओल्सन स्वतः डॉक्टर आणि वैमानिक आहेत, दोनशेहून कमी वस्तीच्या गोलोविन गावचे. २०२३ पासून राज्याच्या तिजोरीची चावी असलेल्या वित्त समितीचे ते एक सहअध्यक्ष आहेत. दुसरे लायमन हॉफमन, बेथेल गावाकडचे. तिसरे बर्ट स्टेडमन, बेटावरच्या सिटका गावचे. राज्यातली चाळीस टक्के माणसं अँकरेजमध्ये राहतात, पण समितीची अध्यक्षपदं या तिघांकडे आहेत. एका मताला एकच किंमत ठेवूनही हे घडलं.

आमदार फार लांब असतो, भेटत नाही, ही ग्रामीण मतदाराची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. तिचं कारण जागांच्या संख्येत आहे. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये १८७९ च्या घटनेने ४० जागा ठेवल्या, आजही ४०च आहेत. १८८० मध्ये सगळ्या कॅलिफोर्नियाची वस्ती ८ लाख ६५ हजार होती. आज तिथल्या एकेका सिनेटरच्या वाट्याला जवळजवळ ९ लाख ९० हजार माणसं येतात. त्या जागा १२० केल्या तर डोंगरातला मतदारसंघही एका माणसाच्या आवाक्यात येईल, आणि त्यासाठी लॉस एंजेलिसमधल्या कुणाच्या मताला हात लावावा लागणार नाही.